सायलेन्सरला भोक

हसायचं असेल तर हसा, पण मी एकदा नवऱ्याच्या जीपच्या सायलेन्सरला भोक पाडून मागितलं होतं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे मौद्याकडे कालव्याच्या कामावर जीप चालवायचे आणि शनिवारी सक्करदऱ्याला घरी यायचे. सायलेन्सर फुटका होता, त्यामुळे तलावाच्या वळणावरूनच गाडी ऐकू यायची. मी धावत जाऊन दारात उभी राहायचे. एका शनिवारी मात्र मी भांडी घासत होते आणि हे एकदम पाठीमागे उभे! शेजारच्या बाबाराव मिस्त्रींनी नवा सायलेन्सर बसवून दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी बाबारावांना गाठलं.

"भाऊ, त्या पाइपाले एक भोक पाडून द्या."

"काहून वैनी?"

"आवाज पाहिजे."

"इंजिनाजवळ पाडलं तर धूर गाडीत भरते. सायलेन्सरच्या मागं पाडलं तर आवाजच येत नाही. सांगा, कुठं पाडू?"

मी रडकुंडीला आले. "वळणावरून मले ऐकू येईल तिथं पाडा."

त्यांनी भोक पाडलं नाही, उलट यांना सगळं सांगून टाकलं. संध्याकाळी हे म्हणाले, "काहून वं, मले सांगायचं ना!"

"काय सांगू? सहा दिवस निघतात कसेतरी. पण तुम्ही येऊन राहिले हे आधी कळलं, की ती पाच मिनिटं माझी असतात."

हे सोमवारी पहाटे निघाले, ते वळणापर्यंत हॉर्न दाबूनच. सगळी गल्ली शिव्या देत उठली. मी तो आवाज पार विरेपर्यंत दारात उभी होते.