नानांची दाढी मीच केली

मी मूळचा यावल तालुक्यातला, फैजपूरच्या अलीकडचं गाव, चारी बाजूंनी केळी, आमचं घर न्हाव्याचं. बाप धोकटी काखेत मारायचा, तिच्यात वस्तरा, कात्री, तुरटीचा खडा आणि एक तडकलेला आरसा, आणि सकाळी निघायचा घरोघर. वर्षाले धान्य मिळायचं त्याच्यात बठ्ठं, म्हणजे सगळंच आलं, धडधाकट माणसाची दाढी आली, अंथरुणावर पडलेल्याची आली, मेलेल्याचीही आली. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, बाप मले एका म्हाताऱ्याकडे घेऊन गेला, त्याच्या गालाले मोठं गळू झालेलं, बापानं जपून बाजूबाजूनं दाढी काढली आणि मी तिकडे ओट्याखाली ओकलो. घराजवळ आल्यावर बाप म्हणे, शालिक, तू चुकून आपल्या घरी जन्माले आला. रागानं नाही म्हणे, त्याले खरंच तसं वाटलं. काय सांगू तुम्हाले, मले किळस फार. अजून आहे. भाजीत केस निघाला तर मी ताटावरून उठतो, आणि धंदा केसांचा, आता बोला.

जळगावले आलो तेव्हा मिसरूड फुटलं होतं. दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारण्यापासून केलं, मंग बसस्टँडच्या मागच्या गल्लीत स्वतःचं टाकलं, दोन खुर्च्या, एक मोठा आरसा. आता साठी झाली. एक मुलगी, भुसावळले दिली. बायको सुमन, ती म्हणते तुम्ही दिवसभर लोकांशी बोलता आणि घरी आल्यावर मुके होता. खरं आहे ते. आज एवढं बोलू राह्यलो ते तुम्ही लिहून घ्यायले आले, विचारलं म्हणून, आणि पोटात साचलं म्हणून.

माझ्याकडे एक गिऱ्हाईक होते, विवेकदादा, पाइपाची एजन्सी आहे त्यांची, माणूस गोड बोलणारा, खोटं कशाले सांगू, माणूस वाईट नाही. ते म्हणे, शालिकभाऊ, सोमवारी तुमचं दुकान बंद, आमच्या मंडळात या, पुण्याचं काम आहे. त्यांचं सेवामंडळ होतं, गावाबाहेर एक पत्र्याचं शेड, रस्त्यावर पडलेल्या लोकांना तठी आणायचं, आंघोळ घालायची, केस-दाढी करायची, कपडे द्यायचे, जेवू घालायचं, आजारी असेल त्याले ठेवून घ्यायचं. मी गेलो. पहिल्याच दिवशी एका माणसाच्या डोक्याले हात लावला आणि हात मागं घेतला. उवा नुसत्या चालत होत्या, लिखांनी काळं डोकं पांढरं दिसत होतं. मी बाहेर जाऊन भिंतीले टेकून उभा राह्यलो.

तठी रशीदा आपा होत्या. सरकारी दवाखान्यात आयाबाई म्हणून उभी हयात गेली त्यांची, रिटायर झाल्यावर या शेडमध्ये यायच्या, बायांना आंघोळ घालायच्या, जखमा धुवायच्या. त्या माझ्यामागं आल्या. म्हणे, भाई, किळस आली का. मी म्हटलं, हो आपा, हे मले जमायचं नाही. त्या म्हणे, मलाही येते, चाळीस वर्षं झाली, रोज येते, जेवायच्या आधी अजून तीनदा हात धुते मी. येऊ द्यायची. फक्त तोंड वाकडं करायचं नाही, कारण तो माणूस दुसरं काही बघत नाही, आपलं तोंड बघतो. एवढं बोलून त्या आत गेल्या. मी रुमालाले अत्तर लावलं आणि गेलो. त्या दिवशी अकरा डोकी केली. घरी येऊन जेवलो नाही, पण पुढच्या सोमवारी परत गेलो, त्याच्या पुढच्याही गेलो, असं करत तीन वर्षं झाली.

आणि खरं सांगू, मले तठी मान मिळू लागला. दुकानात मी न्हावी, शेडमध्ये मी शालिकभाऊ, माझ्यासाठी खुर्ची, कॉलेजच्या पोरी पाया पडायच्या. गोड लागतं ते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात याचा हात आहे.

मागच्या हिवाळ्यात नाना आले. आले म्हणजे उचलून आणले, रेल्वे पुलाखालून. धुळ्याकडचे, गावाचं नाव मी सांगणार नाही, तुम्ही विचारूही नका. सत्तरीचे असतील. दाढी छातीपर्यंत, तिच्यात अन्न वाळलेलं, आणि उजव्या पायाले जखम, तिच्यात अळ्या. तो वास, आता सांगतानाही माझ्या नाकात येऊ राह्यला. आपांनी टर्पेंटाइनचा बोळा धरला आणि एकेक अळी चिमट्यानं काढली, मी तांब्यानं पाणी ओतत होतो. नाना ओरडले नाहीत. ते फक्त म्हणत होते, माले हात लावू नको भो, घान शे. माणूस मरणाच्या वेदनेत आणि त्याले लाज आमच्या हाताची.

पंधरा दिवस डॉक्टर येऊन इंजेक्शन देत होते, आपा रोज पट्टी बदलत होत्या, जखम भरू लागली. तेव्हा मंग एका सोमवारी मी म्हटलं, नाना, आज दाढी करू. बसले. साबण लावला, दाढी आधी कात्रीनं उतरवली, मंग पत्ती. न्हाव्याच्या हाताखाली माणूस बोलतो, तुम्ही कधी बघा, डोळे मिटले की बोलतो. नाना बोलले. बायको गेली, एक मुलगी, मंगल, धुळ्याले दिली. सासरचे कडक, आधीच तिले टोचून बोलतात. नाना एका देवस्थानावर रखवालदार होते, पाय खराब झाला तसं काम सुटलं. मुलीले सांगितलंच नाही. कोणाचा तरी फोन मागून तिले सांगायचे, मी बरा आहे, दोन टाइम जेवतो, देवाच्या दारात आहे. म्हणे, कोनले सांगू नको भो, तिले कळी जाई तर ती मरी जाई. मी म्हटलं, नाही सांगणार नाना.

दाढी झाली. काय सांगू तुम्हाले, त्या दाढीखालून जो माणूस निघाला, नाक सरळ, कपाळ मोठं, गालाले खळी. मी स्वतः दोन पावलं मागं जाऊन बघितलं. तेवढ्यात विवेकदादाची पुतणी मोबाईल घेऊन आली, म्हणे काका, यांचा आधीचा फोटो आहे माझ्याकडे, आता नंतरचा घेते. नानांनी मान खाली घातली, पार छातीले टेकवली. ती म्हणे, काका, वर बघायले सांगा ना. आणि मी, या दोन बोटांनी, गिऱ्हाईकाची हनुवटी धरतो ना आपण, तशी नानांची हनुवटी धरली आणि म्हटलं, नाना, जरा वर.

मले माहीत होतं. सगळं पाच मिनिटांपूर्वीच ऐकलं होतं. पण दाढी झकास झाली होती, मले वाटलं लोकांनी बघावी. एवढंच कारण. दुसरं काही नाही. दुसरं काही असतं तर मले रात्री झोप लागली असती.

दाढी होती तोवर त्यांना कोणी ओळखलं नसतं, सख्ख्या भावानंही नसतं ओळखलं. चेहरा मी काढून दिला. संध्याकाळी फोटो ग्रुपवर, तठून सगळीकडे, खाली लिहिलेलं, रस्त्यावरच्या या बाबांना मिळाला मायेचा हात. माझाही अर्धा चेहरा त्याच्यात, हसू राह्यलो. मले माझं ते हसणं बघवत नाही. गळू बघवेल, ते बघवत नाही.

बुधवारी मंगल आली. सोबत तिचा दीर. मी दुकान सोडून गेलो होतो, आपांनी फोन केला म्हणून. दीर दारातच उभा, आत आलाच नाही, वास येतो म्हणे, आणि तठूनच बोलत होता, सगळ्या नात्यात फिरू राह्यला हा फोटो, आमच्या घरची अब्रू गेली, आणि घरी आणायचं नाव काढू नको. ती बिचारी खाटेजवळ खाली बसली. डब्यात कळण्याची भाकरी आणि मिरच्यांचा ठेचा आणला होता. नानांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. ती बाबा म्हणून हाक मारायची, ते भिंतीकडे. तासभर असंच. उठली तेव्हा माझ्याकडे आली, मले वाटलं आता ही माझ्या तोंडात मारेल आणि मारावी असंही वाटलं. ती म्हणे, भाऊ, दाढी तुम्ही केली का. मी म्हटलं, हो अक्का. ती म्हणे, चांगली केली, माझ्या लग्नात बाबा असेच दिसत होते.

मंग ती गेली.

नानांनी डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आपा पट्टी बदलायले गेल्या तर खाट रिकामी. ब्लँकेट घडी करून ठेवलेलं, त्याच्यावर मंडळानं दिलेल्या नव्या चपला. अनवाणी गेले, पट्टी बांधलेल्या पायानं.

मी चार दिवस दुकान उघडलं नाही. धरणगाव, अमळनेर, चाळीसगाव, धुळ्याचं बसस्टँड, सगळीकडे फिरलो. आणि शोधायले माझ्याकडे काय होतं, तोच फोटो. दुसरा नव्हताच. ज्यानं माणूस पळाला तोच हातात धरून मी दारोदार दाखवत होतो. चाळीसगावले स्टेशनाबाहेर एका चहावाल्याले दाखवला, त्यानं लगेच ओळखला. म्हटलं, कुठे दिसले. तो म्हणे, मोबाईलवर, माझ्या मेहुण्यानं पाठवला, फार चांगलं काम करता भाऊ तुम्ही, आणि चहाचे पैसे घेईना. मी तो चहा तसाच ओतून दिला.

विवेकदादांशी बोललो. म्हटलं, फोटो बंद करा. ते म्हणे, शालिकभाऊ, दुःख मलाही झालं, पण हे पत्रे कशानं आले, फोटो बघूनच लोकांनी दिले ना, फोटो बंद केला तर उद्या यांना जेवण कुठून देऊ. ते खरं बोलत होते, आणि त्याचीच मले सगळ्यात जास्त शिसारी आली, की हे खरं आहे. लोकांना अळ्या दाखवल्याशिवाय लोक भाकरी देत नाहीत.

त्याच्यानंतर मंडळानं शिबिर ठेवलं, नव्या स्वयंसेवकांसाठी. पुण्याहून एक सर बोलावले. मोठा हॉल, गारवा, बॅनरवर लिहिलेलं, करुणा कशी वाढवावी. सरांनी सगळ्यांना डोळे मिटायले लावलं, छातीवर हात ठेवायले लावला, शेजारच्याले मिठी मारायले लावली. माझ्या शेजारी कोणी तरी सेंट मारलेला साहेब होता, त्यानं मले मिठी मारली. चार किलोमीटरवर शेडमध्ये एक बाई दोन दिवस ओल्या कपड्यात पडलेली होती, आपा आजारी म्हणून, आणि हे बठ्ठे इथं एकमेकांना मिठ्या मारत होते. मंग विवेकदादा म्हणे, आता आपले शालिकभाऊ अनुभव सांगतील.

मी गेलो माईकवर. सांगितलं. नानांनी काय मागितलं होतं ते सांगितलं, मी हनुवटी कशी धरली ते बोटांनी करून दाखवलं, मंगल काय म्हणाली तेही सांगितलं. म्हटलं, आपण त्या माणसाचा पाय बरा केला आणि उरलेला माणूस विकून टाकला, आणि मी विकला. हॉलमध्ये कोणी हललं नाही. मले वाटलं, चला, कळलं. आणि मंग टाळ्या वाजल्या. उभे राहून वाजवल्या त्यांनी. पहिल्या रांगेतली एक पोरगी डोळे पुसत होती, दुसऱ्या हातात मोबाईल, पूर्ण भाषण तिनं काढून घेतलं होतं. तेही फिरलं नंतर. खाली लिहिलेलं, डोळ्यांत पाणी आणणारा अनुभव.

मी मंडळ सोडलं. दोन महिने गेलो नाही. सोमवारी घरी बसायचो, सुमन म्हणायची, जा ना, नाही तर भांडायले तरी जा. मंग एक दिवस आपा दुकानात आल्या, न्हाव्याच्या दुकानात बाईमाणूस, गिऱ्हाईकं बघू लागली. त्या बाकावर बसल्या, म्हणे, भाई, तू रुसला, ठीक आहे, पण तिकडे चौदा जणांच्या डोक्यात उवा पडल्या, त्यांनी तुझं काय केलं. मी म्हटलं, आपा, मले त्या लोकांची किळस येते. त्या म्हणे, कोणाची, आतल्यांची का बाहेरच्यांची. मी म्हटलं, बाहेरच्यांची, आणि माझी. त्या म्हणे, मग तिथंही तेच कर, तोंड वाकडं करू नको आणि काम कर.

गेलो. आता जातो सोमवारी. एक ठरवून घेतलं, मी काम करताना आत मोबाईल आणायचा नाही. विवेकदादांनी मानलं. दाराबाहेर गेल्यावर काढतातच, माणसाले नवे कपडे घालून उभं करतात आणि काढतात. मी बघत नाही तिकडे. बघितलं तर तोंड वाकडं होतं. आधी मी बायांना-म्हाताऱ्यांना नाव-गाव विचारायचो, आता विचारत नाही. कोणी डोळे मिटून बोलू लागला की मी म्हणतो, बाबा, हलू नका, पत्ती लागेल. मले ऐकायची भीती वाटते.

नाना सापडले नाहीत. मंगलचा फोन येतो कधीमधी, दुपारी, सासरचे झोपलेले असतात तेव्हा, हळू बोलते. विचारते, भाऊ, काही कळलं का. मी म्हणतो, नाही अक्का. मंग विचारते, तुम्ही जेवले का. मी हो म्हणतो. तिनं अजून एकदाही मले बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही लिहू राह्यले ते लिहा, कोणाले त्यातून काही कळलं तर कळो, मले तशी आशा नाही. देव त्या पोरीले सुखी ठेवो. आणि नाना जिथं असतील तिथं कोणी तरी त्यांचा पाय धुवून पट्टी बांधो, पोटाले दोन घास देवो, आणि तो जो कोणी असेल त्याच्याकडे मोबाईल नसो.