काही खुर्च्या मोडक्या आहेत

—चूक! साफ चूक. मी विचारलं काय आणि तू मान हलवलीस काय! परत ऐक. सर्व बटणं ढग आहेत. काही ढग निळे आहेत. तर मग काही बटणं निळी आहेत का? आणि बाईसाहेब दारात उभ्या उभ्या मान हलवतात—हो म्हणे! धन्य आहे. अगं छोटे, दोन वर्षं मी तुला दुसरं शिकवलंय काय? ये, आत ये, फळ्याकडे बघ. चपला राहू देत, इथं सगळ्या चिंध्याच आहेत. हा बटणांचा गोल. त्याच्याभोवती हा मोठा, ढगांचा. आता निळ्यांचा गोल ढगांना कापतो, पण कुठं कापतो? इकडून, काठाला. बटणांना धक्कासुद्धा नाही. आत शिरेल की नाही? शिरेलही, नाहीही शिरणार. आणि ‘शिरेलही’ला मार्क नसतात. म्हणून निष्कर्ष निघत नाही. ‘सर्व’नंतर ‘काही’ आलं की हात आखडायचा, हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि तू वहीत लाल पेनाने लिहून घेतलं होतंस. वही कुठंय? आणली नाहीस? बरं. आणि गळ्यात ती मापाची टेप कशाला घातलीयेस? बाबांची आहे ती, सापडली नाही की सगळं दुकान डोक्यावर घेतात.

बाबांचंही तेच. परवा कापड कापता कापता इथं डोकावले, फळा वाचला आणि मला विचारतात, बटण ढग कसं असेल रे? आता पस्तीस वर्षं बटणं लावलेल्या माणसाला काय सांगणार? म्हटलं, बाबा, नसतं. पण परीक्षेत खरं धरायचं असतं. विधान कितीही खुळचट असो, आपण खरं धरायचं, आकृती काढायची, पुढच्या प्रश्नाला जायचं. डोकं चालवायचं पण जगाकडे बघायचं नाही, हीच तर सगळी मजा आहे! आणि त्यात आपला हात कोण धरणार? आई शेजारणीला सांगते, माझा मुलगा साहेब होणार. विधान. काका म्हणतात, यंदा नक्की होतंय बघ. विधान. मी आठ वर्षं खरं धरत आलोय, एकदाही विचारलं नाही की हे म्हणता कशावरून. बाबा ‘बरं’ म्हणाले आणि गेले. जाताना या खुर्चीचा पाय तेवढा हलवून बघितला. त्यांनीच बांधलाय ना दोऱ्याने, चौपदरी करून. मी म्हटलं नवी आणू, तर म्हणाले, यंदापुरती चालेल.

बोल ना काहीतरी. मोबाईल असा पालथा का धरलायस? निकालाची यादी चारला लागणार होती, ठाऊक आहे मला. साडेचार वाजलेत, तेही ठाऊक आहे. माझा फोन बंद करून त्या कात्रीखाली ठेवलाय. नाही, मला मुळीच घाई नाही. आठ याद्या बघितल्यात मी, यादी काय पळून जाते का? ही नववी. हिच्यानंतर दहावी नाही, पुढच्या महिन्यात वयाची मर्यादा संपते, मग मला कुणी चुकूनसुद्धा बसू देणार नाही. म्हणजे बघ, सुटलोच म्हणायचं! सकाळी उठून आकृत्या काढायला नकोत, बाबांचे खडू झिजवायला नकोत. शिवाय यंदाच्या पेपरात पाचही प्रश्न मी—हो हो, पाचही, आकृत्यांचे ते पाच म्हणजे माझं घरचं अंगण, डोळे मिटून सोडवतो. तुला किती जमले ते तू सांगितलंच नाहीस. मी विचारलंही नाही म्हणा. तुझा पहिलाच प्रयत्न, कशाला उगीच तोंड उतरवायला लावायचं!

खरं सांगू का, तुला का शिकवत होतो? तुझं भलं व्हावं म्हणून? छे. आईला तसं सांगितलं होतं—छोटीला गोडी लावतो अभ्यासाची. ती काय खूश झाली होती! मला कुणीतरी चुकणारं हवं होतं गं. दिवसभर या टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कापलेल्या बाह्या. बाह्या काय चुकणार? तू बसायचीस, चुकायचीस, मी फराफरा रेघ ओढून खोडायचो—तेवढा वेळ मी साहेब. मग हळूहळू तू चुकेनाशी झालीस. मला काही ते फारसं आवडलं नाही. म्हणून मग अवघड घालायला लागलो तुला, पाच-पाच विधानांची, माझी मलाच न सुटणारी. तू रात्र नाही म्हणायचीस, दिवस नाही म्हणायचीस, सोडवून समोर ठेवायचीस आणि वर विचारायचीस, बरोबर आहे ना दादा? मी म्हणायचो, अक्षर सुधार.

हसू नकोस. हसत नाहीयेस? बरं.

पाच नाही, छोटे. चार. आता सांगून टाकतो, आईला सांगायचं नाही. एकेचाळिसावा प्रश्न आठवतो तुला? आठवत असेलच. सर्व भाऊ खुर्च्या आहेत. काही खुर्च्या मोडक्या आहेत. निष्कर्ष—काही भाऊ मोडके आहेत. झालं. आता हे कुणी काढलं असेल? कुणीतरी जेवून-खाऊन, आरामात, हाताला येतील ते शब्द उचलून बसवले असतील. मला बघता क्षणी कळलं, निघत नाही. बटणं, ढग, निळे, तेच ते! आकृतीसुद्धा काढायची गरज नाही. पण मी काढली. भावांचा गोल, भोवती खुर्च्यांचा, आणि मोडक्यांचा गोल काठाला काढायला गेलो तर हात आतच जायला लागला. खोडला. परत काढला. परत आत. अकरा मिनिटं, छोटे! घड्याळ समोर होतं. शेवटी मी ‘निष्कर्ष निघतो’वर खूण केली. चुकून नाही हं. ठाऊक असून केली. मला ते खरं वाटलं, म्हणून केली. आठ वर्षांत पहिल्यांदा परीक्षेत बसून मी जगाकडे बघितलं, आणि मग शेवटचे बारा प्रश्न वाचायचेही राहिले.

असू दे. जाऊ दे. बारा म्हणजे काही जगबुडी नाही, यादी कधीकधी खालीही येते...

बाबांचं मशीन का बंद आहे? इतका वेळ बंद कसं? सीझनचे दिवस, तीन पँटी आज द्यायच्यात त्यांना. बाबा उठून कुठं जात नाहीत. आणि ती टेप ते कुणाच्या गळ्यात घालत नाहीत, माप घ्यायचं असल्याशिवाय तर काढतसुद्धा नाहीत. कपाटाचं दार वाजलं मघाशी. वरच्या फळीचं. तिथं एकच कापड आहे, डांबरगोळ्या घालून ठेवलेलं, गडद निळं. आठ वर्षांपूर्वी आणलं होतं, कोटासाठी. साहेबाच्या कोटासाठी.

अस्सं. म्हणजे मी इथं एवढा वेळ तुला शिकवतोय!

थांब, तू सांगू नकोस. मी काढतो. एवढं तरी येतं मला. विधान एक, यादी लागली. विधान दोन, छोटीच्या गळ्यात टेप आहे. निष्कर्ष एक—छोटी यादीत आहे. निष्कर्ष दोन—दादा यादीत आहे. मी असतो तर तू अंगणातूनच ओरडत आली असतीस, शेजारपाजार जागा केला असतास, तू आहेसच तशी. तू मुकाट्याने दारात उभी राहिलीस आणि बटणं निळी आहेत का म्हटल्यावर ‘हो’ म्हणून मान हलवलीस. तुला ऐकूच आलं नव्हतं काही. तर फक्त पहिला निघतो. बरोबर ना? मान हलव की आता! आता का हलवत नाहीस?

रडायचं नाही हं, सांगून ठेवतो. नंबर कितवा आला? अरे बाप रे. अक्षर सुधारलंस वाटतं.

ते कापड तुला जास्त होईल. माझ्या मापाने आणलेलं आहे, उरेल. बाबांना म्हणावं, उरलेलं फेकू नका, खुर्चीला गादी होईल. आणि बाही जरा लांब ठेवायला सांग, तुझे हात लांब आहेत. जा. माप अर्धवट सोडलेलं त्यांना चालत नाही. अगं जा म्हणतोय ना! फळा मी पुसतो.