गिटारच्या सहा चाव्या आणि दोन वर्षांची वॉरंटी

…आणि वर ती बाई मला विचारते, तुमचा दिवस छान चाललाय ना म्हणून! आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने सहा महिन्यांत गिटारच्या चाव्या तिसऱ्यांदा मागवल्यात, त्याचा दिवस कसा चालणार? बरं, ही बाई कोण, तर परदेशातल्या कंपनीची, ग्रेटा नाव तिचं, तक्रारी घेते. मी तिला कधी बघितली नाही, पण मेल आला की पहिली ओळ ठरलेली, 'हाय हरेश, होप यू आर हॅविंग अ वंडरफुल डे.' अहो बाई, मी भिवंडीत निजामपुऱ्यात पॉवरलूमचा फिटर, चाळीस लूम माझ्या अंगावर, दिवसभर कानात खटाखट खटाखट… वंडरफुल कुठून आणू? पण तक्रार सोडणार नाही. वॉरंटी आहे ना, मग सोडायचं कशाला?

आता तुम्हाला वाटेल, हा माणूस गिटार वाजवतो की काय. छे हो. मला सारेगमसुद्धा येत नाही. गिटार माझ्या मेघालीची. एकुलती एक पोर, नर्स झाली, तीन वर्षं झाली आयर्लंडला आहे, तिथल्या एका हॉस्पिटलात. जाताना गिटार नेणार होती, पण तिच्या आईने मसाला, पापड आणि सुके बोंबील भरून सगळं वजन संपवलं, आणि गिटार राहिली कपाटावर, उशीचा अभ्रा घालून. गणपतीच्या साफसफाईला खाली काढली तर चाव्या गंजलेल्या. चाव्या म्हणजे, गिटारच्या डोक्यावर तारा आवळायला सहा असतात ना, त्या. मी आपलं सहज पोरीला बोललो. ती म्हणाली, "थांबा पप्पा, मी चांगल्या मागवते, दोन वर्षांची वॉरंटी असते." आल्या, मी लावल्या, आणि एक चावी निघाली सरकणारी. तार आवळा, चहा पिऊन या, तार आपली परत लोळतेय.

खरं सांगू? दोष काय होता ते मला बघितल्या बघितल्या कळलं. आत एवढासा गियर असतो, त्यात जरा फट होती. पत्र्याची चकती कापून घातली असती की दहा मिनिटांत काम तमाम. आमचे नूर मोहम्मद शेठ, त्यांच्याच लूम मी बघतो, ते तर मला हसायलाच लागले. "अरे हरेशभाय, चालीस लूम तू अकेला चालवतोस, आणि एका चावीसाठी सात समुंदर पार चिठ्ठी लिहितोस? दिमाग ठिकाने पर है?" मी म्हटलं, शेठ, तुम्हाला नाही कळायचं, वॉरंटी आहे ना, मग सोडायचं कशाला? घरी आलो तर मैना, आमची मंडळी, ती वेगळीच. "तुमी फिटर हाव का न्हाय? घाला ती चकती नि मोकले व्हा. पोरीचा जीव कशाला खाताव?"

पोरीचा जीव का, ते सांगतो. बिल तिच्या नावावर ना! तक्रारीचा फॉर्म माझं नाव घालून तीच भरणार, मेल तिच्याकडून जाणार, म्हणजे तिला फोन करणं आलं. आता एरवीचा फोन कसा असतो, रविवारी, दोन मिनिटं. "जेवलात? गोळी घेतली? आई कुठंय? चला पप्पा, ठेवते, ड्युटी आहे." तिची चूक नाही हो, बारा-बारा तासांची शिफ्ट करते, पाय सुजतात पोरीचे, मला माहीत आहे. पण तक्रारीचा फोन म्हणजे पाऊण तास! "पप्पा, कॅमेरा जवळ धरा… अजून जवळ… कुठली चावी? फिरवा ना… अहो, तुमचा नुसता अंगठा दिसतोय." आणि हसते. एकदा मागून कोणीतरी आलं तिच्या खोलीत, तर त्याला सांगते काय, "माय डॅड, ही इज फिक्सिंग माय गिटार." असं म्हणाली ती, माझ्या कानांनी ऐकलं. एवढं इंग्रजी मला येतं.

मग ग्रेटाबाईने मागितला व्हिडिओ. दोष दिसला पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे, म्हणे शांत खोलीत रेकॉर्ड करा. निजामपुऱ्यात शांत खोली! आमच्या गल्लीत माणसं समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखतात हो. पाठवला व्हिडिओ, तर तिचं उत्तर आलं, 'आम्हाला मशीनची मोठी खडखड ऐकू येते, ती चावीतून येते आहे का?' मी पोरीला म्हटलं, लिही तिला, त्या चाळीस लूम आहेत, त्यापण वॉरंटीत घेता का विचार. पोरगी एवढी हसली, एवढी हसली, की तिला ठसका लागला, आणि इकडे मी पाण्याचा ग्लास उचलला… द्यायला. कोणाला देणार?

शुक्रवारी लूम बंद असतात, पण नेमकी शुक्रवारी तिची ड्युटी. मग मी बुधवारी खाडा केला आणि अकलोलीला गेलो, बहिणीकडे, हौसाकडे, तिथे लूम नाहीत. गाडीत गिटार पोटाशी धरून बसलो, तर शेजारचा विचारतो, "काय हो, गरम पाण्याच्या कुंडावर कार्यक्रम आहे का?" मी म्हटलं, आहे, वॉरंटीचा. हौसाच्या मागच्या अंगणात बसलो, फोन उंबरठ्यावर टेकवला, पलीकडे मेघाली. म्हणाली, "तार छेडा पप्पा." छेडली. म्हणते, "परत एकदा." परत छेडली. "अजून." अहो, कंपनीला एकदाच हवी होती, पण मी किती वेळा छेडली मला माहीत नाही. तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं ती पोर माझ्या घरात रोज संध्याकाळी बसून वाजवायची, आणि लूमच्या आवाजात मला कधी धड ऐकूच आलं नाही, तिची बोटं तेवढी हलताना दिसायची. मी मान डोलवायचो, तिला बरं वाटावं म्हणून. त्या गिटारचा आवाज कसा आहे ते मला अकलोलीत कळलं, आणि तिथे ती नव्हती. आठवण येते हो. फार येते. असो.

तर दुसरं पार्सल आलं. आता डोक्याच्या एका बाजूला तीन चाव्या लागतात, दुसऱ्या बाजूला तीन, आणि त्या शहाण्यांनी सहाच्या सहा एकाच बाजूच्या पाठवल्या! मैनाने कपाळाला हात लावला. आणि मला… हे घरात बोलू नका, मला इतका आनंद झाला की गल्लीत पेढे वाटायचे बाकी राहिले. परत पाऊण तास! परत फॉर्म, परत फोटो, परत "पप्पा, अंगठा काढा." शेठ म्हणाले, आता तरी बस कर. मी म्हटलं, शेठ, वॉरंटी आहे ना, मग सोडायचं कशाला?

आणि मग आलं तिसरं पार्सल. उघडलं, लावल्या… आणि घात झाला. एकदम परफेक्ट! तीन डावीकडे, तीन उजवीकडे, लोण्यासारख्या फिरतात. म्हटलं थांबा, सरकेल एखादी. दोन दिवस थांबलो. एक तार जागची हलली नाही. मैना म्हणाली, "झाली ना बरी? कलवा पोरीला." मी म्हटलं, कळवतो. नाही कळवलं. रविवारी तिने विचारलं, "पप्पा, पार्सल आलं?" तर मी म्हटलं, कुठे गं, कस्टममध्ये अडकलं असणार, त्यांचं काय सांगावं. जन्मात पोरीशी खोटं बोललो नव्हतो, आणि बोललो ते गिटारच्या चाव्यांवरून.

काल गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत, फोन वाजला. गुरुवारी कधी करत नाही ती. हातातला घास तसाच ठेवून घेतला. म्हणते, "पप्पा, कंपनीचा मेल आलाय. पार्सल बारा दिवसांपूर्वी मिळालंय. खाली तुमची सही आहे." वर विचारते, "चांगल्या निघाल्या ना?" म्हटलं, हो गं. "सहाच्या सहा?" सहाच्या सहा. मला वाटलं, रागावली, आता ठेवणार. तर हळूच विचारते, "चौथी नीट बघितलीत?" मी म्हटलं, बघितली ना, फिटर आहे मी. तर म्हणते, "परत बघा. मला वाटतं चौथी सैल असणार. मी रविवारी सुट्टी टाकते. तुम्ही गिटार घेऊन आत्याकडे जा. सकाळपासून जा." पुढे काही बोलायला गेली, मग म्हणाली ड्युटी आहे, आणि ठेवला.

तेव्हा आज शुक्रवार, लूम बंद, आणि मी सकाळपासून स्क्रूड्रायव्हर घेऊन त्या चौथ्या चावीसमोर बसलोय. ढिली करतो, आणि जरा लक्ष गेलं की हात आपोआप परत आवळतो. तीस वर्षं बिघडलेलं नीट केलं हो, दुसरं काही शिकलोच नाही. मैना दोनदा चहा ठेवून गेली, जाताना गिटारवरून हात तेवढा फिरवला. परवावर रविवार आलाय. तुमच्यापैकी कोणाला चांगली वस्तू बिघडवता येते का? येत असेल तर या बाबा घरी. माझ्याच्याने ते काय होत नाही.