तुरीचा डबा

बोईसरला नवापूरच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे बाप-लेक उभे होते. लेकीच्या गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र होतं.

"अण्णा, दोन वर्षांनी बोलायला आलात, तेही बसच्या रांगेत?"

"तू बायांना पाळणा लांबवायच्या गोळ्या देतीस, हे लातूरला भावकीत कसं सांगू?"

"नका सांगू. पण माझं काम तेच आहे."

"तुझी माय बी तेच करायची."

"आई?"

"चाळीत असताना. शेजारच्या हेतलच्या आईची ट्रंक तिची सासू उचकायची. म्हणून तिच्या गोळ्या आपल्या तुरीच्या डब्यात असायच्या."

"म्हणून ती रोज वाटी घेऊन डाळ मागायला यायची! तुम्हाला ठाऊक होतं?"

"डबा वरच्या फळीवर. मायचा हात कुठं पोचायचा? रोज मीच काढून द्यायचो."

"मग माझ्यावरच राग का?"

"ती झाकून करायची, तू उघड करतीस. भ्यालो मी. ही पिशवी धर."

"अण्णा... आईचा डबा?"

"दवाखान्यात ठिव. पण खालच्या फळीवर, बायांच्या हाताला येईल असा."