सुनेने शिरा का खाल्ला नाही

पोरगं तापाने फणफणलं होतं तेव्हा मी संकष्टीचा नवस बोलले, त्यानंतर एकही चतुर्थी मोडली नाही. म्हणूनच परवा जीव जळाला. मोबाईलवर ती जुनी गुप्तहेराची मालिका बघत होते. त्यात शिरा खाऊन सासरा मेला. सुनेने शिऱ्याला हात लावला नाही, म्हणजे विष तिनेच घातलं, एवढ्यावर गुप्तहेराने तिला बेड्या घातल्या! खाली चाहत्यांची नुसती वाहवा. “काय डोकं आहे! हाच भाग सगळ्यात भारी!”

अहो, सुरुवातीलाच ती गणपतीला दुर्वा वाहते, गच्चीत जाऊन चंद्र उगवला का बघते. उपास सोडायच्या आधी शिरा खाईल कशी?

मी तसं लिहिलं, तर एकाचं उत्तर आलं, “काकू, ती गच्चीत साथीदाराला खूण करायला गेली होती.”

आमचे हे म्हणाले, “लई मनाला लावून घेऊ नको. सिरीयल हाय ती.”

“सिरीयल असली म्हणून उपासाच्या बाईला खुनी म्हणायचं व्हय?”

तेवढ्यात दुसऱ्याने विचारलं, “काकू, तुम्ही तिच्या नात्यातल्या का?”

मी लिहिलं, “व्हय. सख्खी जाऊ समजा.”

बायांनो, तुम्हीपण जाऊन तिच्या बाजूने दोन ओळी लिहा गं. बिचारी अजून तुरुंगात आहे.