तासाभराची ऊब

धारूरच्या घाटात ट्रक आडवा झाला आणि एसटी अडली. इंजिन बंद पडताच पुढच्या सीटवरल्या नवरा-बायकोची कुजबुज छबुबाईच्या कानी येऊ लागली.

“आगं, तासाच्या आत लॅबमदी द्या म्हणले डॉक्टर. ही गाडी तर हलंना. मरतंय आता समदं बीज बाटलीत. चल, माघारी जाऊ.”

“बाटली शर्टाच्या आत धरा, अंगाला लावून. उबेला टिकतंय म्हणलेत.”

“बाईच्या पोटात मातर चार-पाच दिस जगतंय म्हणं.”

“मग मला दिवस कावून ऱ्हाईनात? माज्या समद्या तपासण्या झाल्या. तुमची ही पहिलीच.”

“उशीर झाला तर?”

“दवाखान्यातच दुसरी बाटली भरून द्या.”

“आन् खोट माज्यात निगाली तर?”

“तर औषध घ्यायचं. पर आत्याबाई मला वांझ म्हणत्यात, त्यांना तुमच्या तोंडानं सांगायचं.”

“आईफुडं माजी जीभ रेटत न्हाई गं.”

“गावात मला कुणी बारशाला बोलवंना. तवा कुटं गेलती जीभ?”

नवऱ्यानं मान खाली घालून बाटली शर्टाच्या आत सरकवली.

“बरं, नका बोलू. मीच सांगते. तुमी निस्तं माज्या बाजूला हुबं ऱ्हावा.”