दोन मिस कॉल

(किनवटच्या डोंगरात नदीवरचा पूल, पुलाला लागून शेषेरावाचं घर. पुरानंतरचा दहावा दिवस, सकाळची वेळ. ओसरीवर दोघे बालमित्र बसले आहेत. आत शेषेरावाची बायको साखराबाई चहा करते आहे.)

पाशामियाँ : ...चहाचं राहू दे शेषा. आधी एवढं सांग, तू कॉल दिला का न्हाई?

शेषेराव : दिला म्हणलं ना. कितीदा सांगू? दोन मिस कॉल. रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. चौकशीच्या साहेबाला जबाबात तसंच लिहून दिलंय.

पाशामियाँ : लिहून दिलं ते कळलं मला. काल ग्रामपंचायतीत समद्या गल्लीसमोर वाचून दाखवलं. ‘खालच्या गल्लीतील पाशामियाँ गादीवाले यांस दूरध्वनीवरून दोन वेळा इशारा दिला.’ मी मागं सतरंजीवर बसलो होतो. एकूण एक मान वळली मह्याकडं.

शेषेराव : मग त्यात खोटं काय हाय? बावीस वर्षांपासून आपलं ठरलेलंच हाय. मी पुलाच्या खांबावरची पाण्याची पट्टी वाचतो, हापिसाच्या वहीत लिहितो अन् तुला कॉल देतो. पाणी पाच मीटरला आलं की एक मिस कॉल, सामान बांधा. सहाला आलं की दोन, शाळेवर चढा. इथलं पाणी तुमच्या गल्लीत यायला दोन तास लागतात. तेवढ्यात समदी गल्ली निघते. आजवर निघाली का न्हाई?

पाशामियाँ : निघाली. अन् कॉलच न्हाई आला तर?

शेषेराव : तर... तर काय. पाणी न्हाई. घरी बसा.

पाशामियाँ : हाव. मी बसलो.

शेषेराव : पाशाभाई, ऐक. पाऊस केवढा होता! पत्र्यावर आवाज, पोराटोरांचा कालवा. त्यात तुला रिंग ऐकू आली नसंल. अन् आता फोनच पुरात गेला म्हणल्यावर बघायचं तरी कुठं?

पाशामियाँ : फोन गेला म्हणून कोण म्हणलं तुला?

शेषेराव : न्हाई, म्हणजे... घर गेलं म्हणल्यावर...

पाशामियाँ : घर गेलं. पिंजायची मशीन गेली. पाच गाद्यांची रुई चिखलात बसली. फोन न्हाई गेला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधला होता. सकाळी सातपासून हातात धरून बसलो होतो, तुव्हा कॉल येईल म्हणून. हा घे. घे ना, हात कामून मागं घेऊन राहिलास? रविवार काढ. सात ते अकरा. कोणाचा कॉल दिसतो?

शेषेराव : हा एक... धर्माबादचा दिसतो.

पाशामियाँ : केवळाबाईच्या लुंबिनीचा. सासरहून लावला होता तिनं. “मामा, टीव्हीवर पाऊस दाखवून राहिलेत, आईला हलवायचं का?” मी म्हणलं, “न्हाई बेटा, वरून कॉल आला न्हाई.” अजून कोणाचा दिसतो?

शेषेराव : रेंज नसंल. ढग उतरले की टॉवर बंद पडतो, तुला काय माहीत न्हाई?

पाशामियाँ : धर्माबादच्या कॉलला रेंज होती, पुलावरच्या कॉलला नव्हती?

शेषेराव : आता मी काय टॉवरमधी शिरून बघू का?

पाशामियाँ : शेषा, केवळाबाईनं मला भिंतीवरून तीनदा विचारलं. गुडघ्यानं अधू बाई, शाळेपर्यंत जायला तिला अर्धा तास लागायचा. म्हणून ती समद्यांच्या आधी विचारायची. “पाशाभाऊ, निघू का?” तिन्ही खेपेला मी म्हणलं, “बस अक्का, शेषा पुलावर हाय.” तिसऱ्या खेपेला तिनं बांधलेलं गाठोडं सोडलं अन् चूल पेटवली. मी मह्या डोळ्यानं बघितलं.

शेषेराव : लई वाईट झालं तिचं.

पाशामियाँ : झालं न्हाई, मी केलं. गल्ली असंच म्हणते. ह्याला दोन कॉल आले, ह्यानं आपल्या घरच्यांना, हुस्नाला अन् मुनीबला, पत्र्यावर चढवलं अन् शेजारच्या म्हातारीला मरू दिलं. लुंबिनी एवढीशी होती तेव्हापासून मला मामा म्हणते. काल पंचायतीतून निघताना म्हणली, “पाशामियाँ, तुम्हाला कॉल आला होता, तर आईला बस कामून म्हणलात?” पाशामियाँ! घर वाहून गेलं तेव्हा मी रडलो न्हाई शेषा. काल रडलो.

साखराबाई : घ्या पाशाभाई, चहा घ्या. अन् अवो, पोरीचा फोन आला होता. तिच्या पेटीची दुसरी चावी तुमच्याच खिशात राहिली म्हणते.

शेषेराव : ठेव तिथं. तू आत जा.

पाशामियाँ : कोणती पेटी, वैनी?

साखराबाई : सृष्टीची. लातूरला क्लासला टाकली ना तिला. हेच तर गेले होते पोचवायला.

पाशामियाँ : कधी?

शेषेराव : ते... मागं.

साखराबाई : मागं कुठं? शनिवारी दुपारच्या गाडीनं गेलात अन् सोमवारी आलात की.

पाशामियाँ : रविवारी तू लातूरला होतास?

शेषेराव : साखरे, तुला आत जा म्हणलं ना!

साखराबाई : मह्यावर कामून ओरडून राहिलात? पाशाभाईला माहीत न्हाई का हे? मला तर म्हणलात, पाशाला समदं सांगून गेलो होतो.

पाशामियाँ : न्हाई वैनी. मला काहीच सांगितलं न्हाई. शेषा, मग वहीत रविवारचं तासातासाचं रीडिंग हाय, कालच वाचून दाखवलं, ते कोणी लिहिलं?

शेषेराव : मीच. शनिवारी लिहून गेलो होतो.

पाशामियाँ : रविवारचं पाणी शनिवारी लिहिलं?

शेषेराव : अरे, आठ दिवस पाणी अडीचवरच होतं. सकाळी अडीच, दुपारी अडीच, संध्याकाळी अडीच. एका दिवसात काय होतंय म्हणलं. सोमवारी येऊन बघतो तर खांबावर सातापर्यंत गाळ. मग ते पान काढलं अन् नवं लिहिलं. आठला पाच, नऊला सहा, दहाला सात. अंदाजानं.

पाशामियाँ : अन् दोन मिस कॉल?

शेषेराव : साहेबानं एकदम विचारलं, खाली कोणाला इशारा दिला होता का? मह्या तोंडातून तुव्हं नाव निघून गेलं. दुसरं कोणाचं येणार होतं, सांग? वाटलं तुव्हा फोन गेला असंल, तुलाबी खात्री नसंल. आला असंल, ऐकू आला नसंल, असं म्हणशील अन् मिटंल.

पाशामियाँ : मिटंल! अरे, शनिवारी एक फोन करायचास. मिस कॉल न्हाई, बोलायचा फोन. पाशा, दोन दिवस मी पुलावर न्हाई, एवढं एक वाक्य. मी म्हातारीला पाठीवर घेऊन शाळेत जाऊन बसलो असतो.

शेषेराव : तू म्हणला असतास, ऐन पावसाळ्यात पूल सोडून कुठं चाललास? मला तेच ऐकायचं नव्हतं. म्हणून न्हाई केला.

पाशामियाँ : ठीक हाय. झालं ते झालं. आता चल मह्यासंगं. लुंबिनी दुपारच्या गाडीनं धर्माबादला चालली. तिच्यासमोर एवढंच म्हण, मी कॉल दिला नव्हता. लातूरचं बोलू नको, वहीचं बोलू नको. मला दुसरं काही नको.

शेषेराव : एक बोललं की दुसरं निघतंच, पाशाभाई. मला नोकरीत कायम करायचा कागद वर गेलाय. बावीस वर्षं ह्याच कागदासाठी पट्टी वाचली मी. अन् पोरगी आत्ताच क्लासला लागली. दोन वर्षं कळ काढ. तिचा डॉक्टरकीला नंबर लागू दे, मग मी आपणहून सांगतो.

पाशामियाँ : दोन वर्षं मी त्या गल्लीत कसा राहू?

शेषेराव : लोक विसरतात रे.

पाशामियाँ : लुंबिनी विसरंल?

साखराबाई : थांबा पाशाभाई. मी चप्पल घालते.

शेषेराव : तू कुठं निघालीस?

साखराबाई : लुंबिनीला गाठायला. तुम्ही पोरीला पोचवायला गेलात तेव्हा संगं अंथरूण-पांघरूण नेलं ना? ती गादी ह्या पाशाभाईनं भरलेली अन् ती गोधडी केवळाबाईनं शिवलेली. पोरगी तिकडं तीच पांघरून झोपते. मला इथं बसून चहा उकळवणं व्हायचं न्हाई आता.

शेषेराव : साखरे, उभं घर बसवशील मव्हं.

साखराबाई : खाली कितीक घरं बसली, ती मोजली का तुम्ही? चला पाशाभाई. गाडी चुकंल तिची.

शेषेराव : पाशा... ए पाशा, थांब की. वर घाटात बघ, पुन्हा काळं झालंय. आज मी हाय इथं. पट्टीपासून हलणार न्हाई, पोरीची आण. पाच झाले की एक देतो. सहा झाले की दोन. देऊ ना?

पाशामियाँ : द्या की शेषेराव. तुमचं कामच हाय ते. आम्ही आता ढग बघूनच निघत जाऊ.